हवेतले सव्वाअकरा तास

कारा-बुलाक, ३ मे १९७१

प्रिय दोरोनबेक,

गुरं-माणसं सगळी खुशाल ना? झोयाला माझा नमस्कार सांग आणि माझ्या भाचीचा, गालियाचा, गालगुच्चा घे. आमच्याकडे थंडी सरली, अकरा कोकरं जगली, दोन गेली. आई बरी आहे. एकाहत्तराव्या वर्षी रोज दोन घोड्यांची धार काढते आणि वर मलाच म्हणते, तू फार वाकून चालतेस.

तुझ्या पत्रांचं आमच्याकडे कसं असतं ते तुला ठाऊक आहेच. आई ती ऐकत नाही. मी मोठ्याने वाचते आणि ती शेजारी लोकर पिंजत बसते, एवढंच. मी मुद्दाम हळू वाचलं की लोकर पिंजणंही थांबतं. तुझं नाव नऊ वर्षांत तिच्या तोंडून निघालेलं नाही. पण परवा गंमत झाली. शाळेत दूध पोचवायला गेली आणि नकाशापुढे उभी राहिली. मास्तरांना म्हणाली, "आमचं तळं कुठे आणि ते मगादान कुठे, दाखव बघू." मग विती घातल्या. मॉस्को एक वीत, मगादान पावणेदोन. घरी येऊन मला म्हणाली, "लोक उगाच लांब जातात." 

तर तू विमानतळावर काम करतोस, तुला माहीत असणार. इथून तू किती लांब आहेस? विमानाला किती तास लागतात? नीट लिही, मी मोठ्याने वाचणार आहे.

तुझी मोठी बहीण,
उरुमकान

मगादान, २२ मे १९७१

प्रिय उरुमकान एजे,

पत्र पोचलं. इकडे अजून सावलीत बर्फ आहे. मी रोजच्यासारखा दर तासाला वारा, ढग आणि तापमान मोजून वर कळवतो, ते ऐकून विमानं सुटतात. झोया विमानतळाच्या उपाहारगृहात पाव भाजते. गालियाचे पुढचे दोन दात पडले.

आता तुझा प्रश्न. नकाशावर फूटपट्टी ठेवली तर मगादान ते आपली राजधानी फ्रुंझे पाच हजार तीनशे किलोमीटर भरतं. पण विमान फूटपट्टीने जात नाही. आधी दक्षिणेला खाबारोव्स्क, सोळाशे किलोमीटर. तिथून इर्कुत्स्क, बावीसशे. तिथून नोवोसिबिर्स्क, चौदाशे. मग फ्रुंझे, साडेचौदाशे. एकूण सहा हजार सहाशेच्या वर जातं. चार पंख्यांचं विमान तासाला सहाशेच्या जरा आतच चालतं, म्हणजे हवेत सव्वाअकरा तास. मधल्या थांब्यांचे सहा-सात तास धर. शिवाय तुमचं घड्याळ आमच्या पाच तास मागे, म्हणून इथून सकाळी निघालेला माणूस बऱ्याच वेळा त्याच दिवशी झोपायच्या वेळी तिथे उतरतो. कागदावर फार जवळ वाटतं. आणि तिथून पुढे कोच्कोरची बस आहेच, घाट धरून पाच-सहा तास.

पण तिकिटं मिळत नाहीत, एजे. मे ते ऑक्टोबर सगळी उत्तरेची माणसं दक्षिणेला जातात. खिडकीपुढे रांग असते ती दाराबाहेर. रांग चुकवून तिकीट एकालाच मिळतं, ज्याच्या हातात डॉक्टरचा शिक्का मारलेली घरच्या आजारपणाची तार असते त्याला. म्हणून यंदाही जमेलसं दिसत नाही.

तुझा भाऊ,
दोरोनबेक

कारा-बुलाक, ७ जून १९७१

दोरोनबेक,

पुरे झाले किलोमीटर! सगळे वाचून दाखवले. आईने मध्येच विचारलं, "पाच तास कुठे गेले?" मास्तरांना बोलावून तिला समजावलं, तरी तिला पटलं नाही. म्हणाली, असे फुकट तास कोणी कोणाला देत नसतं.

आता हे मी कोणाला वाचून दाखवणार नाही, म्हणून सरळ लिहिते. तू लांब आहेस म्हणून येत नाहीस असं मला सांगू नकोस. साइराच्या कानात आईने डूल घातले, तिच्याशी तुझी सोयरीक पक्की झाली आणि तू पंधरा दिवसांत उत्तरेला निघालास. त्या दिवशी दारात काय झालं ते मी पाहिलंय. आपल्यात आशीर्वाद द्यायला तळवे वर करतात. तिने हात उलटे केले. सगळ्या गल्लीसमोर म्हणाली, "मी जिवंत आहे तोवर या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. माझ्यावर माती टाकायलाच ये." उलट्या हातांनी दिलेलं मागे घेता येत नाही, हे लहान पोरालाही माहीत असतं. ती घेऊ शकत नाही आणि तू मोडू शकत नाहीस. आणि मधल्या मध्ये माझा जीव जातो.

साइराचं म्हणशील तर तिला चार मुलं झाली. नवरा ट्रॅक्टर चालवतो, ती त्याला चालवते. तुझी आठवण काढून झुरते आहे असा गैरसमज असेल तर काढून टाक.

आई धडधाकट आहे. पण हिवाळ्यात एकदा ती झोपेत तुझ्या लहानपणच्या घोड्याला हाका मारत होती. मला ते सहन झालं नाही. तू तिला जिवंतपणी भेटावंस, एवढंच माझं मागणं आहे. कसं ते मला कळत नाही. तू शिकलेला आहेस, काही सुचव.

उरुमकान

मगादान, २२ जून १९७१

एजे,

बरं झालं लिहिलंस. मी एवढी वर्षं वारा मोजल्यासारखं अंतर मोजत बसलोय.

तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, मी आलो होतो. झोयाला म्हणालो आईला भेटून येतो. सगळा प्रवास केला, फ्रुंझेला उतरलो, बसच्या अड्ड्यावर गेलो. दोन सामसे खाल्ले. कंडक्टर "कोच्कोर, कोच्कोर!" करून ओरडत होता आणि मी बाकावर बसून राहिलो. इतकं उडून आलो, पण त्या बसच्या तीन पायऱ्या मला चढवेनात. फाटकापर्यंत जाऊन आईच्या तोंडासमोर उभं राहायचं आणि आत जायचं नाही, की आत जाऊन तिचा शब्द सगळ्या गावासमोर मातीत घालायचा? दुसऱ्या दिवशीच्या विमानाने परतलो. झोयाला खोटंच सांगितलं की आई छान आहे, तुला टोपी विणतेय. ती अजून टोपीची वाट बघते.

मलाही काही सुचत नाही. सगळ्या विमानांची वेळ सांगता येते, ह्याची नाही.

दोरोनबेक

तार
कारा-बुलाक, ६ जुलै १९७१
मगादान विमानतळ, हवामान विभाग, दोरोनबेक यांस
आई अत्यवस्थ. ताबडतोब निघ. उरुमकान.
रुग्णाची प्रकृती गंभीर असल्याचे प्रमाणित. कारा-बुलाक दवाखाना. शिक्का.

खाबारोव्स्क विमानतळ, ७ जुलै १९७१

प्रिय झोया,

तुला भेटायला वेळच झाला नाही. तू भट्टीवर होतीस, एकचं विमान सुटत होतं. तार टेबलावर ठेवून आलोय, ती वाचलीच असशील.

त्यात अत्यवस्थ लिहिलंय म्हणून तू आशेने बसू नकोस. आमच्याकडे लांबच्या माणसाला मरण कळवत नाहीत. वडील गेले तेव्हा मी सैन्यात होतो, तेव्हाही तारेत हाच शब्द होता. पोचलो तर तिसऱ्या दिवसाच्या जेवणाची पातेली घासून चालली होती. म्हणजे आई गेली, झोया. काल, मंगळवारी गेली.

इथे धुकं आहे. दोन तासांचा थांबा सहा तासांवर गेलाय. आजवर असं धुकं मी दुसऱ्यांना किती वेळा कळवलं असेल, कोणाला कुठे जायचं होतं ते कधी मनातही आलं नाही. तिसऱ्या दिवशी माती देतात. म्हणजे उद्या, गुरुवारी, दुपारच्या नमाजानंतर. मी बसल्या बसल्या पुन्हा पुन्हा मोजतोय. आत्ता सुटलो तर इर्कुत्स्क पावणेचार तास, तिथे दीड तास थांबा, नोवोसिबिर्स्क अडीच तास, दोन तास थांबा, फ्रुंझे अडीच तास. तिथल्या घड्याळात पहाटेचे पावणेपाच. सातची बस. घाट बरा असला तर एकच्या सुमाराला गावच्या वळणावर. पश्चिमेला जातोय म्हणून पाच तास मिळतात. नेहमी लोकांना गंमत म्हणून हे सांगायचो. आज ते पाच तास नसते तर मी पोचलोच नसतो.

आई म्हणाली होती, माती टाकायलाच ये. तेच करायला निघालोय. दोन वर्षांपूर्वी मी त्या बसमध्ये चढायला हवं होतं. मी तिला भेटलो नव्हतो, तुला खोटं सांगितलं. टोपी वगैरे काही नाही. मला माफ कर.

विमानाची घोषणा झाली. गालियाला आत्ताच काही सांगू नकोस.

दोरोनबेक

कारा-बुलाक, ३० जुलै १९७१

प्रिय दोरोनबेक,

तू नीट पोचल्याची तार मिळाली. झोया बोलते का तुझ्याशी? बोलत नसेल तर चूक तिची नाही.

तू गेल्यापासून गाव दुसरं काही बोलत नाही. कंपाउंडर ओसमोन तर तोंड लपवून फिरतो, शिक्का त्याचा ना. मी त्याला शपथेवर सांगितलं होतं की हे फक्त तिकिटासाठी आहे, भाऊ येईल, फाटकाशी उभा राहील, आईला लांबून तरी बघेल. माझ्या डोक्यात तेवढंच होतं. अत्यवस्थ हा शब्द तू कसा वाचशील हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मूर्ख मी! वडिलांच्या वेळची तार मीच केली होती, तरी नाही.

आता तुला माझ्या बाजूचं सांगते, कारण तू रडत होतास, तुला काही दिसलं नसेल. गुरुवार होता. मी गेलेल्या माणसांच्या नावाने तेल तापवून कणकेचे बोरसोक तळायला बसले होते, दर गुरुवारी तळते तशी. तू वळणावर उतरलास आणि तेलाचा वास तुझ्यापर्यंत आला, म्हणून तुझी खात्री झाली असं तू म्हणालास. मला काय माहीत? मला एवढंच ऐकू आलं, की पॉपलरच्या झाडांमागून कोणी पुरुष "आई गं, माझ्या आई!" करत मोठ्याने रडत येतोय, मयताच्या घरी येतात तसा. आता असं कोणी रडत आलं की आपण काय करतो? उत्तर देतो. मी झारा टाकला आणि रडायला लागले, कोण गेलं ते न विचारता! शेजारची बाल्जान धावत आली ती डोक्याच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावूनच. तिच्या मागून तिच्या सुना. आम्ही पाच बायका अंगणात भिंतीकडे तोंड करून गळा काढून रडत होतो आणि कोणाला ठाऊक नव्हतं की मेलंय कोण. बाल्जानने मध्येच मला कोपर मारून विचारलं, "अगं, कोण?" मी म्हटलं, "मला काय विचारतेस, तू सांग!"

आई आत होती. खिडकीशी बसली होती. ती बाहेर आली नाही. मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. तू फाटकाशी कमरेत वाकून उभा होतास आणि म्हणत होतास, "तू होतीस तेव्हा मी आलो नाही, तीन पायऱ्या चढलो नाही." ते सगळं संपेपर्यंत ती आत बसून राहिली. मग दारात आली. बाल्जानची धाकटी सून किंचाळून खाली बसली. तू वर बघितलंस आणि तुझं तोंड तसंच उघडं राहिलं.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. आई फाटकापर्यंत चालत आली. तू मागे सरकलास. म्हणाली, "कुठे पळतोस? माती टाकायला आलास ना? टाक मग." आणि वाकून अंगणातली मूठभर माती उचलून तुझ्या हातात दिली. बायका तोबा तोबा करायला लागल्या. अर्धी माती तू तुझ्याच बुटांवर सांडलीस. उरलेली तू तिच्या बाहीवर टाकलीस. तेव्हा ती गल्लीकडे वळून म्हणाली, "सगळ्यांनी पाहिलं? मी बोलले होते ते झालं. आता ह्याला भूक लागली असेल." आणि तळवे वर करून तुझ्या तोंडासमोर धरले.

तळलेले बोरसोक निम्मे करपले होते. तू तेच सगळ्यात जास्त खाल्लेस.

झोयाची टोपी पाठवली आहे. आईने पाच दिवसांत विणली. मागितली कोणी नव्हती, तूच एका पत्रात लिहिलं होतंस ना. ते पत्रही मी मोठ्यानेच वाचलं होतं, माफ कर. दुसऱ्या कोणाजवळ बोलणार होते मी?

उरुमकान

मगादान, १६ ऑगस्ट १९७१

एजे,

टोपी पोचली. झोया उन्हाळ्यात घालून फिरते आणि माझ्याशी बोलते. गालियाला सगळी गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, आजी मेली नाही तर तुम्ही परत का आलात? 

ओसमोनला सांग माझा राग नाही. तुझ्यावरही नाही. सगळ्या प्रवासात मी एकच मोजत होतो, माती मिळेल की नाही. आई मिळेल हे हिशेबातच नव्हतं.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. आईला विचारू नकोस, तूच सांग. पुढे कधी खरी तार येईल. तेव्हा मी कसं ओळखू? शब्द तोच असेल, शिक्काही तोच. आणि धुकं लागलं तर? ह्या वेळी मी वेळेत पोचलो ते पाच तासांच्या जोरावर. दरवेळी कोण पोचतो?

दोरोनबेक

कारा-बुलाक, २ सप्टेंबर १९७१

दोरोनबेक,

लिहितेय उरुमकान, बोलतेय मी. तिला सांगितलंय, मध्ये आपलं काही घुसडायचं नाही.

तुझं पत्र मी ऐकलं. लोकर बाजूला ठेवून ऐकलं. खरी तार कशी ओळखायची असं विचारतोस. ओळखू नकोस, कारण मी गेल्यावर तार करायची नाही असं मी हिला बजावलंय. ही रडतेय, रडू दे. ही पत्र लिहील. ते पंधरा दिवसांनी पोचेल. तेव्हा तू घरी असशील, झोया शेजारी असेल. वाच, जेव, कामावर जा. धुक्यात बाकावर बसून माझ्या मातीचे तास मोजायचे नाहीत. माती तू मला दिलीस, गावाने पाहिली.

ओसमोनला आणि हिला वाटतं तार त्यांनी केली. तिकिटाचं ही दोघं बोलत होती. शब्द मी मध्येच टाकला, हिच्या ते ध्यानातही राहिलं नाही. अत्यवस्थ लिही म्हटलं. तो शब्द आमच्यात काय असतो ते मला माहीत होतं, तुझ्या बापाला मीच पुरलंय. विमानतळावरच्या माणसाला तिकीट मिळत नाही हे मी एक दिवसही खरं मानलं नाही. तू तिकिटासाठी अडला नव्हतास. माझ्या तोंडाने तुला अडवलं होतं. मी बोलले ते मला परत घेता येत नव्हतं, नऊ वर्षं मी ते गिळायचा प्रयत्न केला. मग वाटलं, मीच मरून बघते.

मी खिडकीशी बसून सगळं ऐकलं. लवकर बाहेर आले नाही म्हणून तू मनात धरलं असशील, तर धर. पोरगा आपल्यामागे कसा रडेल हे कुठल्या आईला कळतं? मला कळलं. तू रडत होतास आणि मला तळवे वर करून देवाला सांगावंसं वाटत होतं, आता ने. मग वाटलं, नको, आधी त्याला जेवू घालते.

तुझं माझ्यामागे रडून झालं. ते काम आता उरलं नाही.

गालियाला सांग, तिचं म्हणणं बरोबर आहे. ये तिला घेऊन, टोपीवालीलाही घेऊन. थंडीआधी मेंढ्या डोंगरावरून खाली उतरल्या की ये, नाहीतर वसंतात ये, घोड्यांना दूध असतं तेव्हा. काही झालं नसताना ये. मी आहे, एवढ्यासाठी ये.

तुझी आई,
बुरुल